गणपती आणि गणपूर्ती

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की थळच्या किनाऱ्याचे रूपच पालटते. माडा-पोफळींच्या वाड्यांतून ओल्या मातीचा वास येत असतो, कोळीवाड्यातील होड्या नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्राला लागलेल्या असतात, आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी वर्षभर बंद असलेली घरे उघडलेली असतात. मग तो दिवस उजाडतो. कुणी डोक्यावरून, कुणी पाटावरून गणराय घरी आणतो. संध्याकाळी एका घराची आरती आटोपली की तीच मंडळी झांजा घेऊन पुढच्या घरी निघतात. या मंडळींना कुणी नोटीस बजावलेली नसते. हजेरीवहीत कुणाची सही होत नाही. तरीही एखाद्या घरी माणसे कमी पडली म्हणून आरती तहकूब झाली, असे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या भ्रमंतीत माझ्या ऐकिवात नाही.

वाचकहो, 'तहकूब' हा शब्द मी येथे मुद्दाम वापरला आहे. तो देवळातला नव्हे, ग्रामपंचायतीतला आहे. आणि आज गणेशोत्सवाच्या निमित्ताने मला जे निवेदन करावयाचे आहे, ते या दोन ठिकाणांमधील अंतराविषयी आहे. खरे पाहता हे अंतर काही पावलांचेच असते. पुष्कळ गावांत ग्रामसभा भरते तीसुद्धा देवळाच्या सभामंडपातच!

एका शब्दाचे कूळ

आम्ही कीर्तनकार पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्याचा अर्थ उलगडतो. त्याच पद्धतीने आज 'गण' हा शब्द घेऊ. संस्कृतात 'गण्' म्हणजे मोजणे. जो मोजला जातो, ज्यात प्रत्येक घटकाची गणना होते, तो गण. गर्दी आणि गण यांत हाच भेद आहे. गर्दीत माणूस हरवतो, गणात तो मोजला जातो. गणपतीच्या पूजेत पुरोहित ज्या ऋचेने आवाहन करतात, ती ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील असून मुळात ब्रह्मणस्पतीला उद्देशून आहे. तेथेही त्या देवतेला गणांचा स्वामी म्हटले आहे. म्हणजे आपण ज्याला घरी आणतो तो नावानेच समुदायाचा देव आहे.

पाणिनीने पूग, गण आणि संघ हे समूहवाचक शब्द एकाच सूत्रात गुंफले आहेत. त्यातून 'गणतिथ' असा शब्द सिद्ध होतो. ज्याच्या येण्याने गण पुरा होतो, तो गणतिथ. बौद्धांच्या विनयपिटकात याच जातीचा 'गणपूरक' हा शब्द आढळतो. भिक्षुसंघाचे कोणतेही कार्य अपुऱ्या संख्येने केले तर ते वैध मानीत नसत. कार्याच्या महत्त्वाप्रमाणे चार, पाच, दहा किंवा वीस भिक्षूंची उपस्थिती आवश्यक असे. आज आपण ज्याला 'गणपूर्ती' म्हणतो, ती कल्पना आपल्याकडे इंग्रजांच्या जहाजातून आली असे समजणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

त्याच विनयपिटकातील महावग्गात एक हृद्य कथा आहे. सोण कुटिकण्ण नावाच्या तरुणाला भिक्षू होण्याची तळमळ लागली होती. गुरू महाकात्यायन तयार होते. परंतु उपसंपदेसाठी दहा भिक्षूंचा गण हवा, आणि अवंती-दक्षिणापथासारख्या दूरच्या प्रदेशात भिक्षू विरळ! येथून एक, तेथून दुसरा असे करीत दहा जण जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण बुद्धांच्या दर्शनाला गेला, तेव्हा गुरूंनी त्याच्याबरोबर ही अडचण निवेदन करून पाठविली. बुद्धांनी सीमेवरील प्रदेशांसाठी संख्या दहावरून पाचावर आणली. मात्र त्या पाचांत विनयाचा जाणकार असलाच पाहिजे, अशी अटही घातली.

या कथेतील दोन गोष्टी माझ्या मनात घर करून राहिल्या आहेत. नियम माणसांच्या अडचणीसाठी शिथिल करता येतो, ही पहिली. परंतु तो शिथिल होईपर्यंत त्या मंडळींनी 'चार जणांत उरकून टाकू' असे म्हटले नाही, तीन वर्षे वाट पाहिली, ही दुसरी, आणि अधिक मोलाची.

कायद्यातला गण

आता या पुराणातून वर्तमानात येऊ. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने महाराष्ट्रातील गावकारभाराची घडी बसविली. घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेतच स्थान मिळाले. गावच्या मतदारयादीत ज्याचे ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. त्यासाठी निवडून यावे लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही. जुन्या गोतसभांच्या महजरांवर पाटलाची निशाणी नांगर, इतरांची त्यांच्या त्यांच्या धंद्याची अवजारे, अशा खुणा उमटत. त्या खुणा पाहताना मन भरून येते खरे. पण त्या सभांत सर्वांचा मान सारखा नव्हता, आणि स्त्रियांचा आवाज तर अपवादानेच उमटे. आजच्या ग्रामसभेत नाखव्याचे मत एक आणि खलाशाचेही एकच. इतकेच नव्हे, नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्याने केली आहे. अथर्ववेदाने सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या दोन कन्या म्हटले आहे. त्या कन्यांच्या सभेत कन्यांनाच प्रवेश मिळण्यास किती शतके जावी लागली, याचा विचार आपण पुरुषांनी करावा.

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात असा दंडक आहे. सामान्यतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठी रूढ झाले आहेत. गणपूर्तीसाठी गावातील एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात. दोन-तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे! कोणत्याही बऱ्यापैकी आरतीला याहून अधिक हात टाळ्या वाजवीत असतात.

ही शंभर माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते. येथेच एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणपूर्तीची अट राहत नाही. नवा विषय तेवढा घेता येत नाही. परंतु जुन्या विषयपत्रिकेवरील सर्व निर्णय, समोर जितकी माणसे असतील तितक्यांच्या संमतीने, कायदेशीररीत्या होऊ शकतात. गावाचा कारभार कायमचा अडून राहू नये म्हणून ही सोय आहे. पण सोय ही दुधारी असते.

त्या दिवशीची तहकुबी

काही वर्षांपूर्वी अलिबाग तालुक्यातील एका गावी उत्सवाच्या तयारीनिमित्त माझा मुक्काम होता. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष सांगावयाचा आहे तो मुख्यतः माझाच. १५ ऑगस्टचा दिवस होता. ध्वजवंदन झाले आणि अकरा वाजता सभामंडपात ग्रामसभा बसली. विषयांमध्ये गावचा कचरा टाकण्याची जागा निश्चित करणे हा एक होता. सतरंज्यांवर साठ-पासष्ट माणसे असतील. सरपंच घड्याळाकडे पाहत होते, ग्रामसेवक वहीतील सह्या पुन्हा पुन्हा मोजत होते. अर्धा तास वाट पाहिली आणि सभा तहकूब झाली.

त्या वेळी मी कोठे होतो? त्याच देवळाच्या माडीवर. गावातील तीस-चाळीस तरुण मुले आणि त्यांना मदत करणाऱ्या काही लेकी-सुना मीच वर बोलावून घेतल्या होत्या. कुणी मखराचे कागद कापीत होते, कुणी पदे बसवीत होते. खाली काय चालले आहे याची एकाने आठवण केली, तेव्हा 'ते सभेचे बघतील, आपण देवाचे बघू' असे उत्तर मीच दिले. पोरे हसली, आणि कात्र्या पुन्हा चालू लागल्या.

तहकूब सभा पुढे एका कामाच्या दिवशी भरली. अकरा माणसे आली. कचऱ्यासाठी जी जागा ठरली ती एका वाडीच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होती. त्या अकरांत त्या वाडीचे कुणीच नव्हते. त्यांनी दुष्टाव्याने काही केले असे मला वाटत नाही. ज्यांना त्या विहिरीचे पाणी प्यायचे नव्हते, त्यांना ती आठवली नाही इतकेच. उत्सवात मी पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा त्या वाडीतील एक गृहस्थ मला भेटण्यास आले. रागाने म्हणाले, "बुवा, आमच्यावर लादलं हे. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही."

मी विचारले, "पंधरा ऑगस्टला आपण कोठे होतात?"

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "मी नव्हतो खरा. पण माझी दोन्ही मुलं तुमच्याकडे माडीवर होती."

त्या रात्री कीर्तनास उभा राहिलो. सभामंडपात मुंगीला शिरण्यास जागा नव्हती. मनुस्मृतीत एक वचन आहे. त्याचा आशय असा की, सभेत जाऊ नये. पण गेल्यावर मौन धरणारा आणि खोटे बोलणारा, दोघेही पापाचे धनी होतात. हे वचन मी अनेकदा निरूपणात वापरले आहे. त्या रात्री ते माझ्या जिभेवर आले आणि तेथेच अडकले. जे आलेच नाहीत त्यांचे काय, आणि ज्याने त्यांना येऊ दिले नाही त्याचे काय, याचे उत्तर मला द्यावयाचे होते. मी श्रोत्यांपुढे माझी चूक कबूल केली. यापुढे ग्रामसभेच्या दिवशी सभा उठेपर्यंत माझ्या तालमीला कुणी येऊ नये, आले तर मी परत पाठवीन, असे व्यासपीठावरूनच सांगितले.

२ ऑक्टोबरला मी मुद्दाम त्या गावी गेलो आणि खांबाला टेकून बसलो. मतदार नसल्यामुळे मला सही करण्याचा अधिकार नव्हता. नव्याण्णव सह्या झाल्या आणि पुढे कुणी येईना. तेवढ्यात बाजार आटोपून मासळीची रिकामी पाटी घेऊन एक वयस्क कोळीण देवळासमोरून चालली होती. मुलांनी तिला हाक मारून आत आणले. तिने पाटी पायरीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि अंगठा उठविला. ग्रामसेवकांनी शंभर झाल्याचे जाहीर करताच सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. ती गोंधळली. मला म्हणाली, "मंजे बुवा, मी नाय आली असती त सभाच नसती झाली?"

"नाही बाय, नसती झाली."

ती पायरीवरच बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. कचऱ्याच्या जागेचा ठराव फेरविचारासाठी आला तेव्हा विहिरीचे नाव सर्वांआधी तिनेच घेतले. मासळी विकावयास ती त्या वाडीत रोज जात असे आणि पाणीही तेथलेच पीत असे. जागा बदलली. पाणिनीचा 'गणतिथ' मी पुस्तकात शंभरदा वाचला होता; त्या दिवशी तो पाहिला.

जोळ

आमच्या तालुक्याला ही शिकवण नवी नाही. पश्चिमेला थळसारखी समुद्रकाठची गावे, तर पूर्वेला धरमतरच्या खाडीलगत खारेपाट, असा अलिबाग तालुक्याचा विस्तार आहे. खारेपाटातील भातशेती खाडीच्या बांधांमुळे उभी आहे. उधाणाचे खारे पाणी आत शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध पूर्वजांनी घातले. बांध एका जागी फुटला तरी पाणी एकाच्याच शेतात थांबत नाही. सर्वांची जमीन खारावते. म्हणून बांधाच्या आतील शेतकऱ्यांची 'जोळ' असे. बांधाला खांड पडल्याची हाक आली की घरटी माणूस चिखलात उतरत असे. ज्याचे शेत खांडीपासून लांब आहे त्यानेही यायचे, कारण आज ते लांब असले तरी उद्याच्या भरतीला जवळ असते.

१९४८ मध्ये खारजमिनीविषयीचा कायदा झाला, त्यानंतर १९७९ मध्ये खारजमीन विकासाचा अधिनियम आला. बांधांची मोठी कामे शासनाने हाती घेतली. त्याचा लाभ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बांध सरकारचा झाला आणि जोळीची सवय हळूहळू सुटत गेली. खांड दिसली की फावड्याऐवजी अर्ज हाती येऊ लागला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत उधाणाची भरती थांबत नाही. खारेपाटात अनेक ठिकाणी पिकती शेते खाऱ्या पाण्याखाली गेली आणि जेथे भात डोलत होता तेथे कांदळवन माजले. शासनाने आपले कर्तव्य करावे, हे तर खरेच. पण ते करवून घेण्यासाठीसुद्धा जोळ लागते.

याच खारेपाटातील चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा भरली. खोतांच्या जाचाला कंटाळलेल्या कुळांनी शेती न करण्याचा निर्धार त्या सभेत केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांना साथ दिली आणि १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. घरात दाणा नसताना माणसे सहा वर्षे एका शब्दाला जागली. त्यांच्या सभेला हजेरीवही नसेल, पण गणपूर्ती होती!

शांतिपर्वात युधिष्ठिर भीष्मांना गणराज्यांविषयी विचारतो. पितामहांच्या उत्तराचे सार असे की, गणांचा नाश बाहेरच्या शत्रूपेक्षा आतल्या फुटीने अधिक होतो. खारेपाटातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. समुद्र नेहमीचाच आहे. भय असते ते खांडीचे.

समोरचे बेट

थळच्या वाळूवर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की खांदेरी आणि उंदेरी ही जोडबेटे दिसतात. १६७९ च्या पावसाळ्यात शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर दुर्ग बांधण्यास प्रारंभ केला. मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. त्या मोठ्या जहाजांना चकवून रात्रीच्या अंधारात लहान होड्या बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. त्या वल्हेकऱ्यांची नावे बखरीत नाहीत. परंतु त्यांतील प्रत्येक होडीने 'आज मी नाही गेलो तर काय बिघडणार?' असे म्हटले असते, तर तटाचा दगडही चढला नसता.

त्याच खांदेरीवर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले, आणि वेताळाच्या दर्शनाला कोळी बांधव आजही भक्तिभावाने जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत खांदेरी आहे. आपल्या दारातले बेट जगाच्या नकाशावर गेले, याचा अभिमान प्रत्येकाला वाटला असेल. पण मान आला की त्याच्या मागोमाग माणसे येतात, त्यांच्या होड्या येतात, त्यांचा कचराही येतो. धक्का, पाणी, स्वच्छता, कोळ्यांच्या मासेमारीची वहिवाट, देवस्थानाची मर्यादा, असे प्रश्न उभे राहतात. दुर्ग राखण्याचे काम शासनाच्या खात्यांचे खरे, परंतु किनाऱ्यावरच्या गावाला काय हवे आणि काय नको, हे दिल्ली-मुंबईला कसे कळणार? ते सांगण्याची कायदेशीर जागा एकच, आणि ती म्हणजे किनाऱ्यावरच्या गावांची ग्रामसभा. तेथे आपण बोललो नाही, तर अकरा माणसे आपल्यासाठी बोलतील.

आरतीनंतर एक घोषणा

गणेशोत्सव पंचांगात कोठे येतो ते पाहा. एक ग्रामसभा १५ ऑगस्टला होऊन गेलेली असते, दुसरी २ ऑक्टोबरला यावयाची असते. त्या दोहोंच्या मध्ये गणपती येतात. लोकमान्यांनी १८९३ मध्ये पुण्यात या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेतला. माणसे देवासाठी एकत्र येतातच, तर त्यांनी देशाचाही विचार करावा, ही त्यामागील दृष्टी होती. ती दृष्टी आजही शिळी झालेली नाही.

म्हणून माझी एक साधी विनंती आहे. प्रत्येक मंडळाने उत्सवातील रोजच्या आरतीनंतर, प्रसाद वाटण्यापूर्वी, पुढील ग्रामसभेचा दिवस, वेळ आणि विषय वाचून दाखवावेत. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या नगरपालिकेत काय चालले आहे ते असेच सांगावे. ज्या भगिनी आरतीचे तबक धरतात, त्यांनी महिला सभेलाही यावे. ज्या तरुणांना मखरासाठी चार रात्री जागता येते, त्यांनी चार तास सतरंजीवर बसावे. आणि आम्हा कीर्तनकारांनी, पुजाऱ्यांनी, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्या वेळेत त्यांना आपल्या कामास लावू नये. हा शेवटचा उपदेश मी सर्वांआधी स्वतःस करीत आहे.

कीर्तनाला दोनच श्रोते असले तरी ते होऊ शकते. नारद एकटेच वीणा घेऊन फिरत. पण गावाचा कारभार दोघा-चौघांत होऊ नये. अनंत चतुर्दशीला थळच्या किनाऱ्यावर आपण मूर्ती पाण्यात सोडू आणि रिकामा पाट घेऊन घरी परतू. गणपती जातील, पण गण येथेच राहणार आहे. पुढल्या ग्रामसभेत तो मोजला जाईल तेव्हा आपले नाव त्यात असावे. कोण जाणे, शंभरावी सही आपलीच असेल!

गणराय सर्वांना सुबुद्धी देवोत.